खिंडीच्या अलीकडे: सांता क्रूसच्या वाटेवरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही चौघं होतो. नाना, वय ५४, तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेले. ओंकार आणि मुग्धा, तिशीतलं जोडपं. आणि मी, म्हणजे ज्यानं वाट निवडली, तिकिटं काढली आणि जिथे चुकलं तिथे ज्याच्याकडे बोट जातं तो. नावं बदलली आहेत. जागा मात्र खऱ्याच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणाचा सगळा गुंता जागेचा आहे.

कोर्दियेरा ब्लांका ही पेरूतली अँडीजची बर्फाळ रांग. पेरूचं सर्वोच्च शिखर उआस्कारान (६,७६८ मीटर) याच रांगेत. रांगेच्या पश्चिमेला सांता नदीचं खोरं आहे आणि त्यात उआरास हे शहर, साधारण ३,०५० मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर इथे बाजार भरतो आणि तीनचाकी रिक्षा हॉर्न वाजवत फिरतात.

सांता क्रूसची वाट ही रांग आडवी ओलांडते. सुमारे ५० किलोमीटर, चार दिवस. पश्चिमेचं टोक काशापांपा, २,९०० मीटर. पूर्वेचं टोक वाकेरिआ, ३,७०० मीटर. मधे पुंता उनिऑन ही खिंड, ४,७५० मीटर. वाट दोन्ही टोकांकडून करता येते. वाकेरिआकडून सुरुवात केली की चढ ८०० मीटरनं कमी होतो, म्हणून बरेच गट तिकडूनच निघतात. आमच्या एजन्सीनंही तेच सुचवलं. मी ‘हो’ म्हटलं. हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि तो निर्णय आहे हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

उआरासमध्ये पाच रात्री काढून शरीर उंचीला सरावू द्यायचं असं ठरलं होतं. वाटेत विमान चुकलं आणि त्यातल्या दोन रात्री गेल्या. उरलेल्या तीन रात्रींत एकदाच विल्काकोचा तळ्यापर्यंत, साधारण ३,७०० मीटरपर्यंत, जाऊन आलो. लागुना ६९ हे ४,६०० मीटरवरचं तळं करायचं होतं, ते सोडलं. परतीची तिकिटं बदलता येत नव्हती, त्यामुळे ट्रेकची तारीख हलवली नाही.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, ओंकार-मुग्धानं सुरू केली होती, मीही. नानांनी नाही. “गोळ्या खाऊन डोंगर चढायचा असता तर घरी बसलो असतो की रे,” म्हणाले. नानांच्या मागे मी वीस वर्षं डोंगर चढलोय. त्यांना दुसऱ्यांदा सांगायला माझी जीभ रेटली नाही.

अडचण

पहिल्या दिवशी सकाळी गाडीनं निघालो. युंगायवरून यांगानुकोची दोन तळी, मग नागमोडी रस्त्यानं पोर्ताचुएलो खिंड, ४,७६७ मीटर. उआस्कारान इतका जवळ की मान वर करावी लागते. फोटो झाले, गाडी पलीकडे उतरली, वाकेरिआला चालायला सुरुवात. चार तासांत पारियाचा मुक्काम, ३,८७० मीटर. झोपायच्या उंचीत एका दिवसात ८०० मीटरची उडी. ३,००० मीटरच्या वर ही उडी रोज ५०० मीटरपेक्षा जास्त नसावी, हा नियम मला पाठ होता. सगळेच असं करतात, हे कारणही पाठ होतं.

रात्री नाना जेवले नाहीत. भाजणीचं थालीपीठ लावून दिलं मुग्धानं, त्याचा एक तुकडा मोडला आणि पानावर ठेवून दिला. सकाळी विचारलं तर म्हणाले, थोडं डोकं जड आहे, झोप नीट नाही झाली. उंचीच्या त्रासाचे गुण मोजायची जी लेक लुईस पद्धत आहे, तिच्यानुसार मी आकडे मांडले: डोकेदुखी एक, भूक एक, थकवा एक. तीन. सौम्य त्रास.

गाईडचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, आजच खिंड ओलांडू. हळूहळू चढू, पलीकडे मग काशापांपापर्यंत उतारच उतार. ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, त्याबद्दल पुढे. मी नाही म्हटलं, कारण नानांना त्या अवस्थेत ८८० मीटर चढवायचं नव्हतं, आणि पलीकडचा मुक्काम ताउयिपांपा ४,२५० मीटरवर, म्हणजे आणखी उंच. त्रास सौम्य असेल तर त्याच उंचीवर थांबायचं, बरं वाटलं तर पुढे जायचं, हे पुस्तकातलं उत्तर. आम्ही थांबलो. एक दिवसाचा शिधा जास्तीचा होता.

दिवसभर नाना उन्हात बसून होते. गप्पा मारत होते, विनोद करत होते. अधूनमधून कोरडा खोकला. अँडीजची हवा कोरडी, आम्हा सगळ्यांनाच खोकला होता. चार वाजता ते शौचाला गेले, तंबूपासून जेमतेम चाळीस पावलं, आणि परत येताना दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा काठीवर दोन्ही हात ठेवून डोंगर बघत असल्यासारखे उभे राहिले. मी ते पाहिलं. माझ्या मनात आलं, नानांना इथलं दृश्य आवडलेलं दिसतंय.

रात्री अकराला ओंकारनं मला उठवलं. नाना तंबूत बसलेले, पाठीमागे सॅक लावून. आडवं झालं की श्वास पुरत नाही म्हणाले. एका दमात चार-पाच शब्दांवर बोलता येत नव्हतं.

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा ऑक्सिमीटर लावला, ७१. थंड बोटावर हे यंत्र खोटं बोलतं, म्हणून त्यांचा हात माझ्या काखेत धरून पाच मिनिटं गरम केला आणि पुन्हा लावला. ६९. माझा आकडा ८६, मुग्धाचा ८८. नखं निळी दिसली, पण हेडलॅम्पच्या पांढऱ्या उजेडात सगळ्यांचीच नखं तशी दिसतात. माझं बोट शेजारी धरलं तेव्हा फरक कळला. मग त्यांच्या पाठीला कान लावला. उजवीकडे, खांद्याच्या पात्याखाली, श्वास आत घेताना बारीक तडतड. तापल्या तव्यावर मीठ टाकल्यावर होते तशी.

फुप्फुसात पाणी झालं होतं. डोक्याकडे बघत आम्ही दिवस घालवला होता आणि आजार छातीत होता.

त्यांच्या सॅकमध्ये औषधं शोधताना पॅरासिटामॉलची अख्खी रिकामी स्ट्रिप सापडली. उआरासपासून खात होते. म्हणजे सकाळचा डोकेदुखीचा ‘एक’ हाही गोळीनं दाबलेला आकडा होता.

समोरचे पर्याय

उजाडेपर्यंत थांबणं हा पहिला पर्याय. रात्री जनावरं चालवणं धोक्याचं, असं गाईडचं म्हणणं. पण उजाडायला सात तास होते, आणि हा आजार रात्रीच बळावतो. आमच्याकडचा ऑक्सिजन सिलिंडर काढला तर काटा एक तृतीयांशावर. निघताना तो कुणीच पाहिला नव्हता. एजन्सीनं नाही आणि मीही नाही. दोन लिटरच्या वेगानं सोडला तर तासाभराचा माल. थांबायचं तर कशाच्या जोरावर?

मदत बोलावणं शक्य नव्हतं. दरीत मोबाइलला रेंज नाही. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट उपकरण बाळगता येत नाही, म्हणून पुण्याहून काही आणलं नव्हतं. उआरासमध्ये भाड्यानं मिळतं का हे मी विचारलं नाही, हा आळस. नेपाळमध्ये फोन केला की हेलिकॉप्टर येतं अशी आपल्याकडे एक समजूत झाली आहे. पेरूच्या डोंगरात ती धरून चालू नये.

मग राहिलं उतरणं. उतरायचं म्हणजे आल्या वाटेनं वाकेरिआ, तिथून पहाटेची गाडी, युंगाय, उआरास, हॉस्पिटल. माझ्या डोक्यात ही साखळी आपोआप तयार झाली. गाईडच्याही.

इथे थोडं थांबून नकाशा सांगतो. सह्याद्रीत धारेवर कुठेही अडकलात तरी ज्या बाजूला उतराल तिकडे गाव, रस्ता आणि एसटी. उतरणं आणि घरी जाणं ही आपल्याला एकच गोष्ट वाटते, ती इतकी अंगात मुरलीय की तपासून बघायचं सुचत नाही. कोर्दियेरा ब्लांकामध्ये पूर्वेच्या बाजूला या दोन गोष्टींच्या दिशा उलट आहेत. पारियाचं पाणी पूर्वेला यानामायो नदीत जातं, ती मारान्योनला मिळते आणि ते पाणी ॲमेझॉनमधून अटलांटिकला पोहोचतं. उआरासचं पाणी पॅसिफिकला. मधे ही रांग. पूर्वेकडून उआरासला यायचं तर गाडीला पोर्ताचुएलोच्या ४,७६७ मीटरवर चढावंच लागतं. दक्षिणेला ओलिंपिका बोगदा आहे, पण तोही ४,७०० मीटरच्या वरच. आणि वाकेरिआ स्वतः ३,७००, म्हणजे पारियापेक्षा फक्त १७० मीटर खाली. शिवाय तिथे पोहोचायला शेवटी दरीतून उलटा चढ.

सकाळी गाईड ‘पलीकडे उतारच उतार’ म्हणाला ते याच अर्थानं. पुंता उनिऑन ओलांडली की पुढचं सगळं पाणी सांता नदीचं, वाट थेट २,९०० मीटरपर्यंत खाली. त्याचा सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटतं, पण ज्या गोष्टीकडे तो बोट दाखवत होता ती मी ऐकून घेतली नाही.

काय केलं

पुण्याच्या डॉक्टरांनी औषधांबरोबर एक कागद लिहून दिला होता: काय दिसलं तर कोणती गोळी, किती. तो उघडला. हळू विरघळणारी निफेडिपिन, फुप्फुसातला रक्तदाब उतरवणारी गोळी, ३० मिलिग्रॅम दिली, पुन्हा बारा तासांनी. कागदाच्या तळाशी त्यांनी ‘गोळी दिली म्हणून थांबू नका’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ऑक्सिजन आत्ता द्यायचा की वाटेसाठी राखायचा यावर पाच मिनिटं घालवली. शेवटी घोड्यावर खोगीर चढेपर्यंत पूर्ण, मग वाटेत अगदी बारीक धारेनं, असं केलं. आकडा ८० वर आला आणि नानांच्या चेहऱ्यावरची भीती थोडी उतरली.

घोडा होता ही आमची पुण्याई. सामानाला गाढवं असतात. आमच्या आरिएरोनं, म्हणजे जनावरं हाकणाऱ्यानं, त्यांच्याबरोबर एक घोडा अडीअडचणीला आणला होता. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला चालवलं तर उतारावरही तब्येत बिघडते, श्रम हेच विष. नाना घोड्यावर बसायला तयार नव्हते. “चालतो रे मी, हळूहळू.” तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. “नाना, बसा.” बसले.

ओंकार, मुग्धा आणि स्वयंपाकी पारियालाच थांबले, उजाडल्यावर आवरून मागून यायचं ठरलं. दोघांची तब्येत ठीक होती आणि अंधारात सात माणसं नेण्यापेक्षा चार बरी. बारा वीसला निघालो. पुढे गाईड दिवा घेऊन, मग लगाम धरून आरिएरो, घोड्याशेजारी नानांची मांडी धरून मी. दर वीस मिनिटांनी थांबून नानांना नाव विचारायचं, आकडा बघायचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, “नाव तेच आहे, पुढे चल.”

तीनच्या सुमाराला उआरिपांपाची घरं लागली. इथे वाट फुटते: एक चढून वाकेरिआला, दुसरी नदीबरोबर खाली कोल्काबांबाला. गाईड न थांबता वाकेरिआच्या वाटेला लागला, तिथून गाडी मिळणार म्हणून. आरिएरो थांबला. त्यानं लगाम सोडला नाही आणि घोडा हलला नाही. दोघांत केचुआमध्ये, म्हणजे तिथल्या डोंगरी भाषेत, बोलणं झालं, मग आरिएरो माझ्याकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणाला, “आरिबा नो.” वर नाही. हातानं आधी वाकेरिआचा डोंगर दाखवला, मग त्याच्याही पलीकडे अंधारात पोर्ताचुएलोची दिशा, मग नानांची छाती. मग खाली.

पाच रात्री माझ्या फोनमध्ये नकाशा होता. समोच्च रेषांसकट. त्या माणसानं हाताच्या तीन हालचालींत जे दाखवलं ते मी त्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

खाली गेलो. कोल्काबांबा सुमारे ३,३०० मीटर. आरिएरोच्या भावानं पिकअप काढली आणि रस्त्यानं यानामाला नेलं. हे तालुक्यासारखं गाव, ३,४०० मीटरच्या आसपास, सरकारी आरोग्य केंद्र असलेलं. पोहोचलो तेव्हा नानांचा आकडा ऑक्सिजनशिवाय ७८. आपल्याकडे बाँड असतो तसं ग्रामीण सेवेचं वर्ष करणारी एक तरुण डॉक्टर होती. तिनं छाती तपासली, मोठा सिलिंडर लावला आणि आमचा मराठी अक्षरांतला कागद घेऊन गोळ्यांची नावं पाकिटांवरून जुळवत बसली.

परिणाम

यानामात दोन रात्री. दुसऱ्या संध्याकाळी ऑक्सिजनशिवाय आकडा ८८, नाना आडवे झोपू लागले, वरणभाताची आठवण काढू लागले. तरी घरचा रस्ता ४,७६७ मीटरवरूनच होता. डॉक्टरचं म्हणणं: आणखी थांबा किंवा ऑक्सिजन लावून, कुठेही न थांबता ओलांडा. तिसऱ्या दिवशी भरलेला सिलिंडर घेऊन गाडीनं निघालो. खिंडीत चालकानं सवयीनं फोटोसाठी गाडी मंद केली, त्याला हाकललं. युंगाय २,५०० मीटरच्या जरा खाली; तिथे पोहोचल्यावर मी श्वास सोडला, कधीपासून धरून ठेवला होता कुणास ठाऊक.

उआरासला परत गेलो नाही. ते पुन्हा ३,०५०. त्याऐवजी कारासला गेलो, २,२५० मीटर. एक्स-रे काढला, उजव्या बाजूला अजून धुरकट होतं. लिमाला जाणाऱ्या नेहमीच्या बसेस उआरासवरून कोनोकोचाला ४,००० मीटरच्या वर चढतात आणि मग उतरतात. यावेळी नकाशा आधी पाहिला. सांता नदी जिकडून समुद्राला जाते तिकडूनच रस्ताही आहे, कान्यॉन देल पातोच्या घळीतून, एकामागून एक अरुंद बोगद्यांतून, चिंबोतेपर्यंत. एकही खिंड नाही. त्या रस्त्यानं गेलो. चिंबोतेला मासळीचा वास आला आणि ऑक्सिमीटरवर ९७.

ओंकार-मुग्धा आमच्यामागून एका दिवसानं यानामाला आले. त्यांचा ट्रेक बुडाला. ओंकारचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत आधी दिशा बदलेन. काशापांपाकडून चढ जास्त आहे, पायाला त्रास आहे. पण त्या बाजूनं खिंडीच्या अलीकडे कुठेही माणूस आजारी पडला तर मागे वळणं म्हणजेच उतरणं. वाकेरिआकडून गेलात तर पहिले दोन दिवस तुम्ही उंबरठ्याच्या बाहेर असता आणि घर आत असतं. ८०० मीटर चढ वाचवायची ही किंमत मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

विमान चुकून दोन रात्री गेल्या तेव्हा ट्रेक छोटा करायला हवा होता. उआरासहून रोज जाऊन परत येण्यासारख्या वाटा भरपूर आहेत.

विश्रांतीच्या दिवसाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. सांगितलेल्या लक्षणांवर तो निर्णय बरोबर होता. पण चार वाजता चाळीस पावलांत दोनदा थांबलेला माणूस मी पाहिला होता. तेव्हा ऑक्सिमीटर लावला असता तर दिवसाउजेडी उतरलो असतो, घोड्याच्या पायाखाली काय आहे ते दिसत असताना. यंत्र माझ्याच खिशात होतं. आता मी डोकं दुखतं का एवढंच विचारत नाही. बुटाची नाडी बांधताना धाप लागते का ते बघतो.

नानांनी लपवलं, हे खरं. पण वीस वर्षं आम्हीच त्यांना ‘नाना दमत नाहीत’ असं सांगत आलो होतो. पहिल्याच रात्री सगळ्यांनी आपापल्या औषधांच्या पिशव्या एकमेकांसमोर रिकाम्या केल्या असत्या तर ती स्ट्रिप तेव्हाच दिसली असती. हे आम्ही हल्ली करतो. थोडं अवघडल्यासारखं होतं, कुणाच्या पिशवीतून काय निघेल सांगता येत नाही. सिलिंडरचा काटा निघायच्या आधी मी स्वतः बघतो.

आणि प्रत्येक मुक्कामासमोर वहीत एक रकाना असतो: इथून हजार मीटर खाली म्हणजे कुठे, आणि तिथे जाताना मधे किती वर चढावं लागतं. पारियासमोर तो भरताना पेन अडलं असतं.

नाना बरे आहेत. राजगडाला जातात. पुढच्या जुलैत काशापांपाकडून करू म्हणतात, डायमॉक्स घेऊन. डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही.